मिटलं, पण कोणाच्या अंगावर?

मुकादम मावशी सकाळी आल्या की आधी संगणकाला 'जय भीम' करायच्या, मग मला. मी चिडवलं तर म्हणायच्या, "त्याईले दिवसभर भांडाचं हाये. तुले काय, नुसता चहा पेनं हाये."

'त्याई' म्हणजे महागावच्या आमच्या शेतकरी कंपनीतले दोन एआय एजंट. एक फवारणीचा, एक वेचणीचा. कुठल्या वावरात कधी काय करायचं ते आपणच ठरवायचे आणि लोकांच्या फोनवर निरोप धाडायचे. दोघांचं जुळलं नाही की पडद्यावर लाल दिवा लागायचा. तो तंटा मिटवणं माझं काम. पण मला कपाशीतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून फुलसावंगीच्या मावशींना शेजारी बसवलेलं. त्यांनी वीस वर्षं वेचणीच्या बायांची टोळी चालवली होती.

मावशी एजंटांना एका घरातल्या भांडखोर जावा म्हणायच्या. लाल दिवा लागला की एकच विचारायच्या, "कोनाचं नुकसान भरून येत नाई? त्याचं पयले आयकू." बोंडअळी आणि पडलेले भाव, दोन्हीकडून मार खायची ती वर्षं, नुकसान सगळ्यांचंच मोठं. तरी मावशींचं उत्तर बरोबर निघायचं आणि माझं चुकायचं. मला मेलं ते सहन व्हायचं नाही.

म्हणून मी शहाणपणा केला. एजंटांनी आपसातच तडजोड करावी, अशी सोय करून टाकली. मावशींना विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्याच दिवशी बाभळीच्या वावरावरून जुंपली. उद्या पाऊस, म्हणून वेचणीवाल्याला आजच बाया हव्या. अळी वाढली, म्हणून फवारणीवाल्यालाही आजच. लाल दिवा मिनिटात हिरवा झाला. सकाळी फवारणी, दुपारी वेचणी! मावशी त्या दिवशी दुपारी आल्या. मी फुशारकीनं पडदा दाखवला.

"मिटलं? कोनाच्या अंगावर मिटलं?"

"मावशी, दोघंही राजी आहेत!"

"ते राजी हायेत वं. ओल्या औषधात हात घालनाऱ्या बायाईले कोनं इचारलं?"

मी भराभर फोन लावले, पण वेचणीला निघालेल्या बाया फोन कशाला उचलतात! मावशींना स्कूटीवर मागं बसवलं आणि सुटले. वावराच्या धुऱ्यावर बाया कापसासाठी कमरेला ओटी बांधत उभ्या होत्या. एक तर वावरात शिरलीही होती, मावशींचीच सून.

"हात नोका लावू वं!" स्कूटी थांबायच्या आत मावशी ओरडल्या. सुनेचा हात बोंडापासून वीतभर होता.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला, कापूस भिजला. मी डोळे पुसत बसले होते. मावशी रागावल्या नाहीत. "रडून काहून राह्यली वं? भिजला कापूस वाळवता येते. सून कुठून आनली असती?" तडजोडीची सोय मी तेव्हाच बंद केली.

पुढं गुडघ्यांनी साथ सोडली आणि मावशी पांढरकवड्याला लेकीकडे राहायला गेल्या. निघताना पडद्यासमोर उभ्या राहिल्या, 'जय भीम' केला आणि म्हणाल्या, "भांडत जा वं बायाहो. तुमी चूप बसल्या का मले भेव लागते."

फार आठवण येते त्यांची. अजूनही लाल दिवा बराच वेळ लागला नाही की मी स्कूटीची किल्ली उचलते.