वरच्या गावातली अठरा मतं

चकलांब्याच्या पलीकडच्या एका गावात चतुराबाई पंचवीस वर्षं ब्लाउज शिवत होती. बुद्धविहाराच्या मागं, वस्तीच्या अगदी कडेला तिचं पत्र्याचं घर. वरच्या गावातल्या बायकाही कापड घेऊन तिच्याकडंच यायच्या. नवरा माणिकराव टपालातून निवृत्त झालेला, अबोल.

गावची ग्रामपंचायत चार वेळा बिनविरोध झाली होती. म्हणजे सुंदररावांच्या ओसरीवर नावं ठरायची, गाव मान डोलवायचं. यंदा राखीव जागेवर त्यांच्या ट्रॅक्टरवाल्याची बायको माया ठरली. वस्तीच्या हातपंपाचा अर्ज तीन वर्षं पडून होता. चतुराबाईनं कुणाला न विचारता गेवराईची तहसील गाठली आणि त्याच जागेसाठी उमेदवारीचा फॉर्म भरला.

कुणी शब्दानं बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून बायका येऊन न शिवलेली कापडं परत नेऊ लागल्या. चार दिवसांत फळी रिकामी झाली. गिरणीवाला म्हणाला, पट्टा तुटलाय. आत गिरणी चालूच होती.

उमेदवारी मागं घ्यायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी सुंदरराव स्वतः आले. वस्तीत त्यांनी कधी पाणी घेतलं नव्हतं. त्या दिवशी बसून चहा प्यायले, माणिकरावांच्या गुडघ्यांची चौकशी केली. निघताना घराभोवती नजर फिरवली.

"चतुराबाई, लई एकाकडंला हाय तुमचं घर," ते म्हणाले. "जपून ऱ्हावा."

ते गेल्यावर माणिकराव एवढंच म्हणाले, "घे मागं." तिनं घेतला नाही. पण त्या आठवड्यात ती रोज रात्री उठून दाराची कडी तपासायची.

मतमोजणीत ती हरली. मायाला दोनशे बारा, तिला एक्याऐंशी. मात्र वस्तीची सगळी मतं धरली तरी त्रेसष्टच होती. अठरा मतं वरच्या गावातून पडली होती.

सुंदररावांनी गुलालही लावून घेतला नाही. दुसऱ्या सकाळी त्यांचा मुलगा अमरसिंह मतदारयादी घेऊन वरच्या गावात घरोघर फिरू लागला. ज्यांच्यावर संशय, त्यांना देवळात नेऊन, चतुराबाईला मत दिलं नाही अशा शपथेचा बेलभंडारा उचलायला लावला. सगळ्यांनी उचलला. बायनाबाई नावाच्या म्हाताऱ्या विधवेनं नकार दिला. त्या दिवसापासून तिच्या दारात कुणी फिरकेना.

चतुराबाई भाकरी बांधून तिच्याकडं गेली. म्हणाली, माझ्यापायी तुम्हाला भोगावं लागतंय.

"तुला मी मत दिलंच न्हाई," बायनाबाई म्हणाली. "पर दिलं असतं तरी त्याची शपथ मी कावून घेऊ?"

चतुराबाई गल्लीतून परत निघाली. समोरून अमरसिंह येत होता. त्यानं मोटारसायकल थांबवली, बायनाबाईच्या दाराकडं पाहिलं, मग खिशातली यादी काढून मांडीवर पसरली. चतुराबाई जवळून जाईपर्यंत तो लिहीतच होता.