अक्काचं कोरडं अंगण

अक्का गेल्याचा निरोप मला बंगळूरला उशिराच मिळाला... शेजाऱ्यांनाच ते उशिरा कळलं होतं. तिकडे राजधानीत, मंडी मोहल्ल्यात, भर वस्तीत, माझी थोरली बहीण अशी एकटी गेली, हे अजून पटत नाही.

भाऊजी महाराजांच्या रिसाल्यात होते. ते वारल्यावर मी अक्काला माझ्याकडे बोलावलं. पण तिचं 'नाही' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मूलबाळ नव्हतं. तिनं कोंबड्या पाळल्या. "बोलायला कोण तरी पाहिजे की रे," म्हणायची. पण पिल्लं जरा मोठी झाली की पंख पाडून कोपऱ्यात गोळा व्हायची, रक्ताची हगवण लागून मरायची. अक्का मग जेवत नसे. दृष्ट काढायची, आणि अंगण स्वच्छ राहावं म्हणून शेणाचा सडा आणखीच सढळ हातानं घालायची!

शेवटी भाऊजींच्या ओळखीचे, घोड्यांचे डॉक्टर येऊन बघून गेले. कानडी माणूस. म्हणाले, "नीरु बेडा, अम्मा, पाणी नको! रोगाचं बी विष्ठेत असतंय, ओलीत वाढतंय. सडा बंद करा. खाली कोरडी राख घाला, रोज झाडा. पिल्लं मोठ्या कोंबड्यांत सोडू नका. आजारी असतील त्यांना ताक पाजा."

आमच्यात घरात कुणी गेलं तरच दारात सडा-रांगोळी नसते. तरी तिनं सडा बंद केला. बाया दारात थांबून विचारत, "काय हो, कोण गेलं?" ती हसून सांगे, "कोणी नाही. माझी पिल्लं जगतायत." भाऊजींच्या मागं मी तिला इतकं आनंदात पाहिलंच नव्हतं. हळूहळू बायांनी विचारणं सोडलं.

मी पोहोचलो तेव्हा शेजारची लक्ष्मीबाई रडत होती. "अय्यो, दुसऱ्या कोणाच्या दारात सडा नसता तर धावलो असतो की आम्ही! अक्कांच्या दारात ते रोजचंच..." तिला काय बोल लावणार? आत पिल्लं भुकेनं ओरडत होती. सगळी जिवंत होती.

आता ती माझ्याकडे आहेत. सकाळी बायको सडा घालायला निघते, मी तिला थांबवतो. शेजारी विचारतात, "कोण गेलं हो?"

मी सांगतो, माझी अक्का गेली.