म्हातारपणाचं कॉलेज

कॉलेजचे किस्से सगळ्यांकडेच असतात. पण आमच्या वर्गाचा अभ्यासच म्हाताऱ्या माणसांचा. आणि म्हाताऱ्या माणसाला साधा प्रश्न विचारा, उत्तराच्या जागी किस्साच मिळतो. दोन वर्षांत आमचे रिपोर्ट कसेबसे पुरे झाले, किस्से मात्र अजून संपत नाहीत.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. चाळिशी आली तशी नोकरी सोडली आणि जेरोन्टॉलॉजीच्या एम.ए.ला ॲडमिशन घेतली. हा शब्द सोसायटीत कुणाला धड कळला नाही. शेजारच्या वहिनी नव्या स्कूटीचा नंबर घेऊन आल्या, शुभ आहे का बघायला. त्यांना न्यूमरॉलॉजी वाटलं होतं.

सासूबाई राजगुरुनगरकडच्या. त्यांना मी सविस्तर समजावलं, की वय होतं म्हणजे नेमकं काय होतं, ते दिवस चांगले कसे जावेत, हे सगळं तिथे शिकवतात. त्यांनी मेथी निवडता निवडता पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हातारं व्हायला कालेज कशाला लागतंय? आमी तर घरीच झालो."

*

आमच्या वर्गात मोरेकाका होते. कंपनीतून रिटायर झाले आणि घरी बसवेना म्हणून थेट आमच्याबरोबर शिकायला आले.

पहिल्याच दिवशी मॅडमनी एका ज्येष्ठ नागरिकांना मुलाखतीसाठी बोलावलं होतं. प्रश्न कसे विचारायचे ते आम्हाला दाखवायला. मॅडम आत आल्या, काकांना पाहिलं आणि मोठ्या आदराने पुढे खुर्ची दिली. झोप लागते का, गुडघे दुखतात का, सुनेशी पटतं का, सगळं विचारलं. काकांनी एकेक उत्तर प्रामाणिकपणे दिलं. सुनेचं जरा जास्तच प्रामाणिकपणे.

शेवटी मॅडमनी आभार मानले, आम्ही टाळ्या वाजवल्या. तुम्ही आता घरी जाऊ शकता, असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा काका उठून मागच्या बाकावर जाऊन बसले.

"मॅडम, मी हितंच बसतो. माझी ॲडमिशन हाय."

खरे पाहुणे तेवढा वेळ बाहेर शिपायाबरोबर चहा पीत बसले होते.

*

मग एकदा प्रॅक्टिकल होतं. म्हातारपण कसं वाटतं ते अनुभवायचं. डोळ्यांवर धुरकट गॉगल, कानात कापूस, हातात जाड मोजे, पायाला वाळूच्या पिशव्या. असं सगळं चढवून जिना उतरायचा, शर्टाची बटणं लावायची, मोबाईलवर मेसेज टाइप करायचा. आमच्यातली सगळ्यात लहान प्रज्ञा, सगळ्यांत चपळ, तीसुद्धा पहिल्याच पायरीवर कठडा धरून उभी राहिली. खाली पोचेपर्यंत रडवेली झाली होती. घरी गेल्यावर आधी आजोबांची माफी मागते, म्हणाली.

काकांची पाळी आली. मॅडमनी गॉगल पुढे केला. काकांनी तो नम्रपणे परत दिला.

"नको मॅडम. मी घरूनच घालून आलोय."

*

काकांच्या आई अजून होत्या, गावी. चांगल्या ठणठणीत. एकदा 'वृद्धांची काळजी कोण घेतं' या विषयावर लेक्चर चाललं होतं आणि काकांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. मॅडम थांबल्या. सगळा वर्ग थांबला.

जेवलास का, बीपीची गोळी घेतली का, उन्हात टोपी घालून गेलास का, आईंनी सगळं विचारलं. काका दबक्या आवाजात व्हय, व्हय म्हणत होते. वर्गात बसलोय असं त्यांनी सांगितल्यावर आईंचा आवाज एकदम करडा झाला.

"मागं बसून टवाळक्या करू नको. पुढं बस."

काकांनी फोन ठेवला, वही उचलली आणि निमूटपणे पहिल्या बाकावर येऊन बसले. कोर्स संपेपर्यंत तिथेच बसले.

*

संत तुकाराम नगरच्या बाजूला एका विरंगुळा केंद्रात आम्ही सर्व्हे करायला जायचो. विषय एकटेपणा. तिथे एक गृहस्थ रोज कोपऱ्यात एकटेच पेपर वाचत बसलेले असायचे. मला वाटलं, आपला रिपोर्ट इथेच आहे. मी हळू आवाजात, अगदी शिकवल्याप्रमाणे, त्यांना विचारलं की तुम्हाला एकटं वाटतं का.

त्यांनी चष्मा काढला. "सोमवारी नर्सिंगच्या मुली आल्या. बुधवारी सोशल वर्कवाले. आज तुम्ही. ताई, एकटं वाटायला मला जरा एकटं सोडाल का?"

*

आता प्रज्ञाचा किस्सा. तिला फील्डवर्कला सांगवीच्या एक आजी मिळाल्या होत्या. आजी बाथरूममध्ये पडल्या होत्या. हाड जुळलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण भीती काही जाईना. घराचा उंबरा ओलांडायला तयार नव्हत्या. आजींना सोसायटीच्या गेटपर्यंत चालवायचं, हे प्रज्ञाचं काम. त्यावरच तिचे मार्क.

प्रज्ञा दर आठवड्याला जायची. आजी तिला पोहे खाऊ घालायच्या, लातूरकडच्या गोष्टी सांगायच्या, पण चालायचा विषय निघाला की पुढच्या वेळी बघू म्हणायच्या. सेमिस्टर संपत आलं. प्रज्ञाला मार्कांपेक्षा जास्त काळजी आजींची वाटायला लागली होती. असंच चाललं तर आजी घरातच संपतील, असं मला म्हणाली.

शेवटच्या भेटीला मीही बरोबर गेले. बघतो तर दाराला कुलूप. शेजाऱ्यांची बेल वाजवून विचारलं, कुणालाच काही माहीत नाही. आजींचा मुलगा चाकणच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला, आणि तिथे मोबाईल गेटवर जमा करतात, म्हणजे फोनही करता येईना. पुन्हा पडल्या असतील, कुणीतरी दवाखान्यात नेलं असेल, असं म्हणत प्रज्ञा जिना धावतच उतरली. मी तिच्या मागे.

गेटबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, रसवंतीच्या बाकावर आजी बसल्या होत्या. काठी बाजूला टेकवलेली, हातात उसाच्या रसाचा ग्लास.

प्रज्ञाने जाऊन त्यांचा हात धरला आणि रडायलाच लागली. एवढे दिवस मी हातापाया पडत होते तेव्हा आला नाहीत, आणि आज एकट्या कशा आलात, असं तिने विचारलं.

आजींनी आपला ग्लास तिच्या हातात दिला.

"तुझ्यासमोर पडले असते तर तुझे मार्क गेले असते, बाळा. म्हणून आधी एकटीनं करून बघितलं."