गाडीतल्या बाईचा जुना नकाशा

तर गाडी नव्या हमरस्त्यावर सुसाट चाललेली, आणि नकाशाच्या पडद्यावर बघावं तर ती कुणाच्या तरी कुरणात उभी. रस्त्याची रेघ नाही की काही नाही, नुसता हिरवा रंग. आणि आतली बाई, म्हणजे रस्ता सांगणारा तो आवाज, आपली सांगतेय, "शक्य होईल तिथे मागे फिरा." काल मी ही गोष्ट इथंच सोडली होती. चहा निवला नि तुम्ही उठलात.

क्लॅरी त्या बाईला म्हणाला, "बाई गं, इथं मागं फिरलो तर ट्रकखाली जाईन. तू गप बस, मी बघतो."

शेजारी बसलेली नोलीन म्हणाली, "किती गोड बोलतोस रे तिच्याशी! लग्न झाल्यापासून माझ्याशी नाही कधी बोललास असा."

"ती उलटून बोलत नाही ना."

"मग तिलाच स्वयंपाक कर म्हण आज."

मी मागच्या सीटवर, मांडीवर चीज घातलेल्या स्कोनचा, म्हणजे त्या खुसखुशीत पावांचा, डबा धरून हसतोय. हसता हसता डबा सांडला, तो वेगळा किस्सा, पुन्हा कधीतरी.

क्लॅरी टॅस्कर म्हणजे आमच्या ऑल्डर टेरेसवरचा, माझ्या समोरच्या दारातला. सारा जन्म त्यानं ब्रेडची गाडी चालवली. क्राइस्टचर्चातली एकेक गल्ली त्याच्या पायाखालची, त्याला नकाशा कशाला हवा? पण नोकरी सुटल्यावर त्यानं ती करड्या रंगाची लांब गाडी घेतली, तेव्हा नकाशा तिच्यातच बसवलेला आला, जशी विकत घेतलेल्या कपाटात आधीच्या घरची पाल यावी. आधी तो नुसता भांडायचा त्या बाईशी. ती म्हणाली डावीकडे, की हा मुद्दाम उजवीकडे. मग सवय झाली. नोलीननं एकदा हट्ट धरून "घर" ह्या बटणावर आमच्या गल्लीतला पत्ता घालून घेतला. कुठूनही ते बटण दाबलं की बाई बरोबर त्यांच्या फाटकापाशी आणून सोडायची आणि म्हणायची, "आपण घरी पोचला आहात." त्यावर नोलीनचं ठरलेलं उत्तर असायचं, "माहीत आहे. दिवा दिसतोय."

आणि मग भूकंप झाला. त्याचं मी नाही सांगत बसत, ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. घरं उभी होती, पण खालची जमीन लापशीसारखी झाली होती. सरकारनं नकाशावर नदीकाठचा सगळा पट्टा लाल रंगवला, म्हणजे इथं माणसानं राहायचं नाही. आम्ही निघालो. मागनं यंत्रं आली, घरं पाडली, कुंपणं उपटली, गवत पेरलं. झाडं तेवढी राहिली. माझं फेजोआचं, पेरूसारखं फळ येतं ते, कोपऱ्यावरच्या हुआता कुटुंबाचं नासपतीचं, आणि टॅस्करांचं फाटकाजवळचं प्लमचं. फाटक गेलं, प्लम राहिला.

आमच्या लोकांची एक रीत पडली आहे. उन्हाळ्यात फळं आली की आम्ही जुन्या गल्लीत जातो आणि आपापल्या झाडाची फळं काढतो. जागा सरकारची झाली, पण झाड ज्याचं त्याचं. मालकानं पहिली टोपली उतरवल्याशिवाय दुसरा हात लावत नाही. कुणी सांगितलं नाही, कुठं पाटी नाही, पण हुआताची म्हातारी वारली त्या वर्षी नासपती झाडाखाली सडून गेली, कुणी उचलली नाही. रस्त्याच्या तोंडाशी सिमेंटचे ठोकळे ठेवलेत, पण एका कडेनं गाडी जाईल एवढी फट आहे. ती फट आम्हा सगळ्यांना ठाऊक.

क्लॅरी आणि नोलीन शहराबाहेर रोलस्टनला राहायला गेले. तिथं कालपरवापर्यंत मेंढरं चरत होती, आता घरांच्या रांगा, सगळी एका साच्यातली. मीही दोन गल्ल्या सोडून. नोलीन मला म्हणायची, "लेन, ह्या घरांना कपडे घालून वेगळं करायला पाहिजे, नाहीतर मी एक दिवस भलत्याच घरात जाऊन झोपेन." आम्ही हसलो होतो. आणि ती खरंच एके दुपारी भलत्या घरात जाऊन बसली. तिथल्या बाईनं चहा दिला आणि मला फोन केला.

तिथून ते सुरू झालं. सकाळी ती चांगली असायची. शब्दकोडं सोडवायची, मला टोमणे मारायची. पण ऊन कललं की तिला काहीतरी व्हायचं. कोट घालायची, पर्स घ्यायची आणि दाराशी उभी राहायची.

"मला घरी जायचंय."

"अगं, घरीच आहेस."

"हे घर नाही. तुम्ही कोण? माझा नवरा येईल आता ब्रेडची गाडी घेऊन."

तुम्ही कोण, असं क्लॅरीला! तो हादरला. समजावून झालं, रागावून झालं. मुलगी शेरिल आली, तिनं डॉक्टरला विचारलं आणि बापाला बजावलं, "डॅड, तिला जुन्या जागी अजिबात न्यायचं नाही. तिथं काही नाही हे बघून ती खचेल."

पण एका संध्याकाळी नोलीन काही केल्या कोट काढेना, तेव्हा क्लॅरीनं तिला गाडीत घातलं, म्हटलं एक चक्कर मारून आणू. आणि तिनं, जिला नवऱ्याचं नाव आठवत नव्हतं तिनं, हात पुढे करून बरोबर "घर" हे बटण दाबलं.

बाई बोलायला लागली. उजवीकडे, डावीकडे, पुढच्या चौकात सरळ. नोलीन सीटला टेकून बसली. क्लॅरी मला नंतर म्हणाला, "अरे, नोलीन माझं ऐकत नाही, पण त्या बाईचं ऐकते. जिच्यावरनं इतकी वर्षं मला टोचलं, तिचं!"

ठोकळ्यांच्या फटीतून गाडी आत गेली, खड्ड्यांतून हळूहळू, आणि प्लमपाशी बाई म्हणाली, "आपण घरी पोचला आहात." नोलीननं काचेतून बघितलं. उजेड सरत आलेला.

ती म्हणाली, "दिवा नाही लावला. पोरं झोपली वाटतं."

"असतील."

"मग नको उठवायला. चल, जरा फिरून येऊ."

थर्मासमधला चहा दोघांनी प्यायला. मग ती आपणहून म्हणाली, "चल त्या दुसऱ्या घरी." आली, जेवली, झोपली.

झालं, तेव्हापासून रोज संध्याकाळी हा नेम. शेरिलला पत्ता नाही. मी कधीकधी बरोबर जायचो, स्कोन घेऊन. खोटं कशाला सांगू, मला त्या फेऱ्या आवडायच्या. गाडीतल्या त्या जुन्या नकाशात आमची गल्ली अख्खी होती. माझं घर, हुआतांचं, टोकाचा सायकल दुरुस्त करणाऱ्याचा बोळ, सगळ्या रेघा जागच्या जागी. मी मागून वाकून पडद्यावर बघत राहायचो. बाहेर गवत, आत गल्ली.

शेरिलचंही चुकलं नाही, हे आधी सांगतो. ती एकदा आई-बापाबरोबर गाडीतून गेली, त्याच नव्या हमरस्त्यावरनं, आणि बाईनं "मागे फिरा, मागे फिरा" सुरू केलं. नोलीन घाबरली, दार उघडायला लागली. धावत्या गाडीचं दार! शेरिलचं काळीज हललं. तिनं ठरवलं, हा नकाशा बदलायचाच. वडिलांच्या वाढदिवसाला ती गाडी घेऊन गेली, सर्व्हिसिंग केलं, टायर नवे टाकले, आणि गॅरेजवाल्याकडून नकाशाचं नवं कार्ड घालून आणलं. किल्ली बापाच्या हातात देत म्हणाली, "आता बघ डॅड, आतली बाई कधी चुकायची नाही."

क्लॅरीनं विचारलं, "जुनं कार्ड कुठाय?"

"ते कशाला हवंय? टाकून दिलं त्यानं."

त्या संध्याकाळी मी गाडीत होतो. नोलीननं बटण दाबलं. तेच बटण, तोच पत्ता, बाईचा आवाजही तोच. पण जुन्या पेट्रोल पंपापाशी डावीकडे वळायचं तिथं ती म्हणाली, सरळ. क्लॅरी डावीकडे वळायला लागला तशी नोलीन ओरडली, "तिनं सरळ सांगितलंय! तुम्ही कुठं नेताय मला?" त्यानं आवाज बंद केला, तर ही रडायला लागली. मग चालू केला आणि निमूट गेला बाई नेईल तिकडं.

बाईनं आम्हाला पुलावरनं नेलं, नदीच्या पलीकडं. नव्या नकाशात आमची गल्लीच नव्हती, आणि घराची खूण मात्र तशीच हिरव्यात राहिलेली. बाई बिचारी काय करणार, तिनं त्या खुणेला सगळ्यांत जवळचा रस्ता शोधला. तो होता समोरच्या काठावर. तिथं गाडी थांबली आणि ती म्हणाली, "आपण घरी पोचला आहात."

नोलीननं काचेतून बघितलं. मध्ये पाणी, आणि पाण्यापलीकडं तिचा प्लम. ओळखला तिनं, लगेच.

"ते बघ तिकडं आहे," ती म्हणाली, "आपलं झाड तिकडं आहे. बाई, मला ह्या बाजूला का सोडलंत?"

बाई कशाला बोलेल, तिचं काम झालं होतं.

नोलीन दार उघडून उतरली आणि पाण्याकडं चालायला लागली. क्लॅरी मागनं धावला. काठावर चिखल, तिचा एक बूट त्यात रुतून बसला. ती म्हणत होती, "पोरं आहेत तिकडं, दिवा नाही लावलेला." त्यानं तिला मागून धरलं, आणि ती त्याच्या हातांवर मारत होती, परक्या माणसाला मारावं तशी. मी वाकून बूट ओढून काढत होतो. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी क्लॅरीनं तिला बाईशिवाय थेट झाडापाशी नेलं. ती उतरेना. "हे नाही," म्हणाली. "बाईनं सांगितलं नाही." त्यानं स्वतःच आवाज काढून बघितला, बायकी आवाजात, "आपण घरी पोचला आहात." एरवी मी हसून लोळलो असतो. नोलीननं त्याच्याकडं बघितलं आणि कीव आल्यासारखं म्हणाली, "काय झालं हो तुम्हाला? बरं नाही का?"

त्यानंतर ती गाडीत बसेना. पायीच निघायची. एकदा हमरस्त्याच्या कडेनं चालताना एका दुधाच्या टँकरवाल्याला सापडली, कोट, पर्स, सगळं नीट घेतलेलं. शेरिल म्हणाली, डॅड, आता तुझ्या एकट्याच्यानं होणार नाही. पानं गळायला लागली तेव्हा नोलीनला सांभाळघरात ठेवलं. तिथं तिला खिडकीजवळची खाट मिळाली. ती जेवेना, नुसती दाराकडं बघत राहायची. क्लॅरी सकाळी जाऊन रात्री परत यायचा.

मी विचारलं त्याला, "शेरिलला सांगितलंस, नकाशाचं?"

"काय सांगू? पोरीनं प्रेमानं केलं. 'टायर छान बसवलेत गं', एवढं सांगितलंय तिला."

तर ऐका, शेरिल कधी इथं आली तर ह्यातलं अवाक्षर नको.

मला मात्र चैन पडेना. गॅरेजमध्ये विचारलं, जुना नकाशा देत नाहीत, म्हणाले. जुना कोण मागतो? मग मी भंगारवाल्यांच्या आवारांत हिंडायला लागलो. तसलीच गाडी, त्याच सुमाराची हवी होती. एक सापडली तिच्यात कार्डच नव्हतं. एकीत होतं, पण ती गाडी उत्तरेकडच्या बेटावरून आलेली, आणि आधीच्या मालकानं कार्ड बदलून नवं घातलेलं. भंगारवाले मला ओळखायला लागले. "आजोबा आले बघा, नकाशाचे!" थंडी पडल्यावर एका आवारात, पुढून चेंबलेल्या एका गाडीत मिळालं. आवारवाल्यानं त्याच्याकडच्या पडद्यावर लावून दाखवलं. ऑल्डर टेरेस, अख्खी. मी त्या चिखलात उभा राहून पोरासारखा नाचलो.

घरी आलो तर दारात क्लॅरीचा निरोप. नोलीन पहाटे गेली होती.

तिची राख आम्ही प्लमच्या बुंध्याशी घातली. परवानगी कुणाला विचारली नाही. त्या उन्हाळ्यात प्लम असा लगडला की फांद्या टेकू लागल्या, आणि कुणीच हात लावला नाही. सगळे वाट बघत राहिले, क्लॅरी पहिली टोपली उतरवेल म्हणून. तो काही आला नाही. फळं पडली, पाखरांनी खाल्ली.

शेवटी मी कार्ड खिशात घालून त्याच्याकडं गेलो. तो गाडी पुसत होता. मी म्हटलं, "अरे, संध्याकाळी तू रोज गाडी घेऊन जातोस, हुआतांच्या पोरानं बघितलंय. पलीकडच्या काठावर जाऊन बसतोस. तिकडं कशाला? हे घे. हे घाल, म्हणजे बाई तुला परत झाडापाशी नेईल."

त्यानं कार्ड घेतलं, बोटांत फिरवलं, फडक्यानं पुसलं, आणि माझ्याच सदऱ्याच्या खिशात परत ठेवून दिलं.

"राहू दे रे लेन. झाडापाशी जायला मला बाई कशाला हवी, तिथं मी डोळे मिटून जाईन. पण तिथं गेलं की झाडामागं काही नाही, हे दिसतं. ही नवी बाई नेते ना पुलापलीकडं, तिथनं बघितलं की वाटतं, घर आहे झाडाआड, दिवा तेवढा लावायचा राहिलाय."