चुन्याचा चौकोन

वझलवार सर मला पहिल्यांदा दिसले ते पाठीमागून. नागपूरच्या कॉलेजात शिकवणारा मोठा माणूस आणि भर सकाळी ओल्या गवतात पालथा पडलेला. डोक्यावर काळं फडकं, पुढे तीन पायांचा बुटका कॅमेरा, बूड आभाळाकडे. मला वाटलं, मेला कोणीतरी. जवळ गेलो तर फडक्यातून आवाज आला, "हळू! पायाखाली बघ, तिथं कुणीतरी राहतंय." कोण राहत होतं? मुंगळा.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहायचा होता. आज भट्ट्या आहेत तिथे भाठा होता, म्हणजे लाल मुरमाचं, गवताचं मोकळं रान. मी गोंदियाकडचा, तिसरी नापास. पण जमीन मोजणाऱ्या टोळीत साखळी धरायचो, आणि माझी साखळी कधी बोटभर चुकली नाही. या गृहस्थांना भाठा सपाट व्हायच्या आधी तिथलं गवत नि किडे टिपून ठेवायचे होते. इंजिनियर साहेबांनी मला त्यांच्या दिमतीला दिलं. काम काय, तर कॅमेऱ्यावर छत्री धरायची.

हातभर दोरीचा चौकोन टाकायचा आणि आतलं एकेक पान वहीत लिहायचं, हा त्यांचा उद्योग. गाय खाते ते गवत, गाय सोडते ते तण, एवढं आमच्या गावच्या खुळ्यालाही कळतं. यांना पानापानाचं नाव पाहिजे. एका टोळाच्या फोटोला अर्धा दिवस. टोळ उडाला की म्हणायचे, "त्याची मर्जी." मी एकदा म्हटलं, "सर, चिमटीत धरून देऊ का?" तर म्हणाले, "मग तो तुझा फोटो होईल, त्याचा नाही." असली बोलणी. स्वतःचा डबा मात्र झाडाखाली विसरायचे, त्याला मुंग्या लागायच्या, आणि मग माझ्या भाकरीकडे बघत बसायचे.

भादव्याच्या शेवटी नाल्याकाठी त्यांना एक झाड सापडलं. झाड कसलं, बटणाएवढं लाल रोपटं. पानांवर चिकट थेंब, त्यांत चिलटं अडकायची आणि पान हळूहळू मिटायचं. सर लहान पोरासारखे हरखले. "हे माशी खातं! बघ, कळी धरलीय. चार दिवसांत फूल येईल. फूल आणि पानावरची माशी, दोन्ही एका फोटोत. यासाठीच मी आलो, रे." लगेच साहेबांकडे जाऊन तेवढा तुकडा चार दिवस सोडायचा शब्द घेऊन आले.

साहेब पाहायला आले. मी पुढे होऊन दाखवायला गेलो, "हे पाहा साहेब, चिलट कसं फसून राह्यलं..." सर मधेच म्हणाले, "तुला नाही कळायचं. तू छत्री धर." मागे टोळी फिदीफिदी हसली. माझी टोळी.

त्याच संध्याकाळी सरांनी आमच्या पिंपातला चुना घेतला. मजूर पाय देतील म्हणून रोपट्याभोवती सुबक पांढरा चौकोन आखला. "आता कसं, सगळ्यांना दिसेल," म्हणाले. चुना पडला म्हणजे तिथे खोदाई, हे भाठ्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. या शिकलेल्याला नव्हतं. मी छत्री मिटली. बोललो नाही.

सकाळी पाहतो तर चौकोन नाही, रोपटं नाही, काठही नाही. डोझरच्या पात्याने कापलेली ओली लाल माती तेवढी. डोझरवाला बिडी ओढत म्हणाला, "चूना दिखा, मार दिया."

सर गुडघे टेकून हाताने ढेकळं फोडत बसले. मग मला म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"मले कोनं पुसलं? तुमी तं म्हन्लं छत्री धर. धरली."

आता थोबाडीत बसेल, साहेबांकडे तक्रार जाईल, नोकरी जाईल, हे मी धरून चाललो होतो. उत्तरंही जुळवून ठेवली होती, एकाहून एक झणझणीत. जीपमधून साहेब उतरले. "कोणाची चूक?"

सर हातांची माती झटकत म्हणाले, "चुना माझा, चूक माझी. इथली रीत न विचारता मी आखायला बसलो." वहीत एक ओळ लिहिली आणि लिहिता लिहिता वाचली, "फूल आलं की नाही, माहीत नाही." दुसऱ्या दिवशी पॅसेंजरने नागपूरला गेले. परत आले नाहीत.

असा हा माणूस. मी पुढे त्याच कारखान्यात म्हातारा झालो, कुठल्या साहेबापुढे मान खाली घातली नाही. ज्याला राग येत नाही, तो माणूस कसला? एक शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या आणि गोष्ट तिथेच संपली असती. भांडणात मला आजवर कोणी हरवलेलं नाही. या गवत्याने भांडूच दिलं नाही.