अशुद्ध नमुना

माझ्या आईचा आवाज कॉम्प्युटर लॅबच्या स्पीकरमधून येत होता आणि सगळा वर्ग हसत होता.

"लेकरं जेवायलेत, हासायलेत, सांडायलेत, आन् मी निस्ती बघायली," आई म्हणत होती. समोरच्या पडद्यावर यंत्र ते ऐकून लिहीत होतं. लेकर जेवाय लेट. हसाय लेट. सांडाय लेट.

"सगळेच लेट!" मागून कुणीतरी ओरडलं. पोरं बाक बडवून हसली.

सरांनी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. गरज नव्हती. तरी लावलं.

"ही बाई नक्की मराठीच बोलतेय ना?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडं बघितलं. "कुणाचा आवाज आणलास हा?"

"शेजारची हाय, सर." लगेच दुरुस्त केलं. "आहे. शेजारची आहे."

आणि मी हसले. सगळ्यांच्या बरोबर. मला कुणी हसायला लावलं नव्हतं.

मी परभणीत एम.ए. मराठी करत होते. नवीन नियमानं दुसऱ्या शाखेचा एक विषय घ्यावा लागायचा. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलींनी योग घेतला. मी 'भाषा आणि संगणक' घेतला. त्या तासाला मराठीवाले, इतिहासवाले, शेतीवाले आणि कॉम्प्युटरवाले एकत्र बसायचे. एकत्र म्हणजे एका खोलीत. कॉम्प्युटरवाले पुढं, आमी मागं.

हा विषय मी आईसाठी घेतला होता, हे खरं आहे. तिला लिहिता येत नाही. ती बोलेल, मोबाईल लिहील, आणि तिचा मेसेज मला येईल. असं काहीतरी आपल्याला करता येईल, असं वाटलं होतं. म्हणून सर माणसांचे आवाज गोळा करून आणा म्हणाल्यावर मी पहिला तिचाच आणला.

आई ताडकळसला जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. तिला ते काम लागलं तेव्हा गावातल्या काही घरांनी लेकरांना डबे द्यायला सुरुवात केली होती. आमच्या वस्तीतल्या बाईच्या हातचं नको, म्हणून. आई मागं हटली नाही. रोज चूल पेटवत राहिली. हळूहळू डबे बंद झाले. त्याच लेकरांबद्दल ती त्या रेकॉर्डिंगमध्ये सांगत होती. त्यांच्याकडं नुसतं बघत बसायला तिला किती आवडतं, ते सांगत होती. वर्गात एकालाही ते ऐकू आलं नाही. मलाही त्या वेळी फक्त 'लेट' ऐकू आलं.

तास संपल्यावर सर म्हणाले, "कचरा घातला तर कचराच बाहेर येणार. शुद्ध बोलणारी माणसं आणा. शिक्षक, वकील, बँकेतले कुणी."

आमच्या गटाचं काम ऋतुजा बघायची. कॉम्प्युटरची हुशार मुलगी, वडील वकील. मनानं वाईट नव्हती. म्हणाली, "तू टेन्शन नको घेऊ. माझ्या मावशीचा आवाज टाकू तुझ्या नावावर."

मला झोंबलं. मी म्हणाले, "नको. माझ्या आईचा आणते. ती शुद्ध बोलते."

एक खोटं झाकायला दुसरं.

रविवारी घरी गेले. आईला सांगितलं, कॉलेजासाठी पुन्हा आवाज पाहिजे. ती खूश झाली. पहिलं बोलणं सरांना आवडलं असणार, असं तिला वाटलं. तोंड धुऊन, केस विंचरून आली. आवाजासाठी. मी तिला एक वाक्य दिलं. 'मुले जेवत आहेत आणि मी त्यांना पाहत आहे.'

"लेकरं जेवायलेत आन्..."

"मुले. जेवत आहेत."

"मुलं जेवत हायेत."

"हायेत न्हाई आई, आहेत. आ-हे-त."

ती हसली. पुन्हा म्हणाली. पुन्हा चुकली. मी मोबाईल बंद करायचे, पुन्हा चालू करायचे. दुपार सरत आली. तिचं हसणं गेलं. घशाशी पदर धरून ती एकेक अक्षर काढायला लागली, शाळेत नवीन आलेल्या पोरासारखी. 'पाहत आहे' तिला जमेचना.

"तोंड नीट उघड की! अशानं काय कळणार हाय कुणाला?" मी ओरडले.

आईनं घशावरचा पदर सोडला. मग म्हणाली, "तुला कळतंय ना पण?"

मी मोबाईल पुन्हा चालू केला. म्हणाले, "पुन्हा म्हण."

शेवटी तिनं म्हटलं. बरोबर म्हटलं. लॅबमध्ये यंत्रानं एकही चूक न करता लिहिलं. त्या आवाजात आई कुठंच नव्हती, पण ऋतुजा म्हणाली, "बघ, किती क्लीन आहे!" आणि मी मान हलवली.

पुढच्या आठवड्यात आईचा फोन आला. एरवी ती सुरुवातच करायची, "काय करायलीस गं? जेवलीस का न्हाई? कामून फोन केला न्हाईस?" एका दमात. त्या दिवशी आधी थांबली. मग सावकाश म्हणाली,

"तू जेवलीस का? मी बरी आहे."

मला वाटलं, दुसरंच कुणी बोलतंय.

"आई, नीट बोल ना."

"नीटच बोलत आहे," आई म्हणाली.

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच वाटत होतं की शिकलेल्या लेकीशी आता असं बोलावं लागतं. चारदोन वाक्यं बोलून ती दमली. "ठेवते," म्हणाली.

फोन हातात धरून मी होस्टेलच्या पायरीवर बसले. गावानं तिच्या हातचं नाकारलं होतं. तिची जीभ मी नाकारली. गावाला ती पुरून उरली. माझ्यापुढं ती हरली, कारण मी तिची होते.

सादरीकरणाच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले होते. ऋतुजा पडद्यावर एकेक पान दाखवत होती. एका पानावर लिहिलं होतं: 'अशुद्ध नमुने वगळले आहेत.' मग तिनं माझ्याकडं हात केला. मी आईचं ते साफ वाक्य लावायचं होतं.

मी जुनं लावलं. लेकरं जेवायलेत, हासायलेत.

ऋतुजा कुजबुजली, "चुकीची फाईल लावलीस."

"बरोबर हाय," मी म्हणाले. माईक समोर होता. सगळ्यांना ऐकू गेलं. "ही शेजारची न्हाई. ही माझी आई हाय. हिनं एकबी चूक केली न्हाई. चूक यंत्राची हाय, ते पान काढा. न्हाईतर माझं नाव काढा."

कुणी हसलं नाही. टाळ्याही वाजल्या नाहीत. परीक्षक घड्याळाकडं बघत होते.

सर म्हणाले, "विषय तांत्रिक आहे. वैयक्तिक करू नका. बसा."

"मी आईला दुपारभर रडकुंडीला आणलं ह्या विषयासाठी," मी म्हणाले. "आता कसं वैयक्तिक न करू?"

पान निघालं नाही. माझं नाव निघालं. त्या विषयात मी कशीबशी पास झाले.

घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. वर्ग हसला ते. मी हसले ते. शेजारची म्हणाले तेही. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.

"लाज वाटली व्हय तुला माझी?"

"हाव, वाटली," मी म्हणाले.

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. जवळ घेतलं नाही. 'जाऊ दे' म्हणाली नाही. तिनं म्हणावं असं मला लय वाटत होतं, पण तिनं का म्हणावं?

अजूनही फोनवर ती माझ्याशी जपूनच बोलते. शेजारणीशी, शाळेतल्या लेकरांशी आपली बोली बोलते, माझा आवाज आला की शब्द निवडते. ते मी केलंय. ते माझ्याच अंगावर राहणार.

आता मी याच विषयात पुढं शिकायलेय. कॉम्प्युटरवाल्यांच्या ओळीत, पुढच्या बाकावर बसते. सुट्टीत ताडकळस, पूर्णा, वालूर फिरते आणि माणसं जशी बोलतात तसं मोबाईलमध्ये भरून घेते. कुणालाच 'पुन्हा म्हण' म्हणत नाही. ऐकलेला शब्द न् शब्द जसाच्या तसा लिहिते, जायलेत तर जायलेत, आणि यंत्राला तोच शिकवते. मार्गदर्शक म्हणतात, आधी प्रमाण भाषा होऊ दे, मग बोलीचं बघू. मी म्हणाले, आधी हीच होणार.

आईनं माफ करावं म्हणून मी हे करत नाही. करो, न करो.

आमी असंच बोलायलोत आणि असंच बोलणार. शिकायचं ते यंत्रानं शिकावं.