खाडीकाठची गिरणवाडी

मी लग्न होऊन आले तेव्हा खाडीकाठी आमचं धरून सात घरं होती आणि सगळी गिरणीच्या जिवावर उभी होती. सासऱ्यांच्या वडिलांनी इथेच ऑइल इंजिन बसवलं, कारण भरतीला होड्या थेट पायरीला लागत. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या बायका, वरच्या गावची माणसं तांदूळ-नाचणी दळायला आणत. होडीवाले इथेच राहिले, मग एक लोहार, एक चहावाला. अशी गिरणवाडी झाली.

ऐंशीनंतर खाडीवर पूल झाला, वरच्या गावात विजेची गिरण आली. होड्या थांबल्या. एकेक घर मुंबईला गेलं. माझा नवरा तर आधीपासूनच तिकडे नोकरीला. उरलो मी आणि सासरे. त्यांना दम लागायचा, म्हणून इंजिनाचं हँडल मीच मारायची. संध्याकाळी केसांतलं पीठ धुवायचाही कंटाळा यायचा.

एकदा दिवाळीनंतर सलग आठ दिवस कुणी फिरकलं नाही. नवव्या दिवशी सासरे म्हणाले, "इंजिन सुरू कर गो. आवाज ऐकला की येतील माणसं."

"कोण येणार मामंजी? माझे हात उचलत नाहीत आता."

मी पहिल्यांदाच उलट बोलले होते. ते छिन्नी-हातोडी घेऊन गिरणीत गेले आणि झिजलेल्या दगडाला टाकी लावत बसले. तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी मला राहवेना. घरातले तांदूळ नेले, हँडल मारलं. आवाज पार पलीकडच्या काठापर्यंत गेला असेल. दळून होईस्तोवर ते दारात उभे राहून पाण्याकडे बघत होते. एकही होडी आली नाही.

"बंद कर," ते म्हणाले.

ते पीठ पुढे पंधराएक दिवस पुरलं. संपलं तेव्हा मी काही बोलायच्या आत सासरे तांदळाची पिशवी घेऊन वरच्या गावची घाटी चढून गेले. दुसऱ्याच्या गिरणीत रांगेला उभे राहिले. परतले तेव्हा दुपार टळली होती.

पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, "बारीक दळतो तो. चांगलं दळतो."

मी भाकऱ्या थापल्या. दोन खाऊन ते ओटीवर आडवे झाले. भांडी तशीच टाकून मीही चुलीपाशी जमिनीला पाठ टेकली.